पुड्याची मागची बाजू

नागपूर, ९ जुलै २००५

प्रिय माणिक,

हसनैन उद्या सकाळच्या गाडीनं अकोल्याला परततोय, त्याच्याजवळ हे पत्र देतो. फोनवर सांगण्यासारखं नाही. तू फोनवर बोलतेस तेव्हा अर्धं जुनं शहर ऐकतं.

तुझ्या पायाचं प्लास्टर निघेपर्यंत गप्प राहणार होतो. पण स्वयंपाक तुलाच बदलावा लागेल, म्हणून आधीच सांगतो. माझी दोन्ही मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त निकामी झाली आहेत. पथ्य नीट पाळलं तर काही वर्षं डायलिसिसच्या मशीनवाचून निघतील म्हणतात. नाही पाळलं तर मशीन, किंवा मग दुसऱ्याचं मूत्रपिंड. कोणाचं, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, सख्खं भावंड असेल तर उत्तम.

म्हणून दुसरी गोष्ट. कुंदाला यातलं अक्षरही कळता कामा नये. कळलं तर ती दुसऱ्या दिवशी अमरावतीहून पदर खोचून येईल आणि ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन झोपेल. तिला मी ओळखतो. जुईलीला वडील नाहीत, आईही अर्धी करायची का? रक्तदाब आहे, एवढंच लिही.

पथ्याचा कागद दिला आहे. मीठ अगदी कमी. संत्री, केळी, शहाळं, टमाटे बंद. बटाटा चिरून पाण्यात ठेवायचा आणि ते पाणी फेकायचं. संत्री बंद म्हटल्यावर हसनैनचा चेहरा असा झाला, जणू शेंदूरजनाघाटच्या त्याच्या सगळ्या बागांवर जप्ती आली. कोर्टाच्या कामाला ज्युनिअर म्हणून ठेवला, पण पोरगा अजून बागाईतदारच आहे. या फळांत वाईट काय असतं, असं मी विचारलं, पण डॉक्टर तोवर पुढच्या खाटेकडे वळले होते.

त्या खाटेवर धामणगाव रेल्वेकडचा एक जण आहे. फवारणीचं औषध प्यायला. त्या डब्यावर लाल त्रिकोण असतो, अक्षर न येणाऱ्यालाही कळतो. बायको म्हणते, त्याला कळला होता.

पाय जमिनीवर टेकवू नकोस.

वसंत


अकोला, २१ जुलै २००५

प्रिय कुंदाताई,

तुमचा भाऊ नागपूरहून परत आला. काळजीचं काही नाही. रक्तदाब निघाला, या वयात निघतोच. मीठ कमी करायला सांगितलं आहे.

आता घरात रोज कज्जा. वरणात मीठ नाही, भाजीत चिमटीभर. पहिला घास घेतला की ते माझ्याकडे असे बघतात की आरोपी मीच. म्हणाले, "माणिक, या वरणाला चव कावून नाही हे कोर्टाला सांग." काल अर्धी पोळी टाकून उठले. कपडे सैल व्हायला लागले आहेत.

शेजारच्या रजियाबींना वाटतं, मीच त्यांना उपाशी मारतेय. भिंतीवरून म्हणाल्या, "भाभी, बैलाले बी मिठाचा खडा चाटाले देते मानूस. तुमी वकीलसायबाले तेवढा बी देऊन नाही राहिल्या." आणि खारी बिस्किटं पाठवून दिली. मी पुडा काढून घ्यायला गेले तर तुमचे दादा म्हणतात, "हिरवा ठिपका आहे बघ. सिग्नल मिळाला म्हणजे गाडी जाणार."

तुम्हाला या गोष्टी कळतात. चवीला लागेल आणि बाधणार नाही असं काही असेल तर कळवा.

तुमची,
माणिक


अमरावती, २ ऑगस्ट २००५

सौ. वहिनींस, सा. न.

इतकी वर्षं मी मुलींना गृहविज्ञान शिकवते आणि माझ्याच दादाला हिरव्या ठिपक्याचा अर्थ ठाऊक नाही. तो फक्त शाकाहारी आहे असं सांगतो. उद्या नुसतं मीठ पाकिटात भरलं तरी त्यावर हिरवाच ठिपका पडेल. त्याला सांगा, हा सिग्नल नाही, जातीचा दाखला आहे.

पुड्याची समोरची बाजू गिऱ्हाईक बोलावण्यासाठी असते. तेलाच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत छापतात की यात कोलेस्टेरॉल नाही. शेंगदाण्यात ते कधी नव्हतंच. बिस्किटावर गव्हाची ओंबी काढतात, आणि मागे वाचलं तर पहिला मैदा, दुसरी साखर. मी मुलींना घरून रिकामे पुडे आणायला लावते आणि सगळे पालथे ठेवून विचारते, आता सांगा, घरी काय न्यायचं? सुरुवातीला हसतात. मग एकेकीचं हसू जातं, कारण धाकट्या भावाला दुधाऐवजी काय पाजतोय ते कळतं.

आता कामाचं. बाजारात एक मीठ आलं आहे. पुड्यावर लाल हृदय आणि खाली 'आधा सोडियम'. रक्तदाबाला बाधतं ते मिठातलं सोडियम. ते यात निम्मं केलं आहे, चव मात्र मिठाचीच. आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंनाही रक्तदाब आहे, त्या हेच खातात. दोन पुडे पार्सलनं पाठवते आहे. घरातलं सगळं मीठ काढून टाका आणि हेच वापरा.

दादाला म्हणावं, जेवणावर रुसायचं वय गेलं.

तुमची,
कुंदा


अकोला, ५ सप्टेंबर २००५

प्रिय कुंदाताई,

पुडे पोचले. त्याच दिवशी बरणी घासून, पुसून त्यात ओतले. जुनं मीठ कामवाल्या पार्वताबाईंना दिलं.

काय सांगू, घर पुन्हा घरासारखं झालं. झुणक्याबरोबर दीड भाकरी खाल्ली. किंचित कडवट लागतं म्हणाले, पण अळणीपेक्षा बरं. आता कढी मागतात, चटणी मागतात. रजियाबी भिंतीवरून म्हणाल्या, "आता कसे, सायबाच्या तोंडावर नूर आला." मी त्यांना लाल हृदयाचं सांगितलं तर म्हणतात, असं मीठ असते हे आमाले मालूमच नव्हतं.

उद्या-परवा गणपती बसतील. मोदकाच्या उकडीतही तुमचंच मीठ पडणार.

संपत आलं की कळवते. इथे किराणावाल्यांकडे मिळत नाही.

तुमची,
माणिक


अमरावती, २० ऑक्टोबर २००५

सौ. वहिनींस, सा. न.

हसनैन बागेकडे चालले होते, जाताना भेटून गेले. परतताना त्यांच्याजवळ चार पुडे देते आहे. जुईलीची परीक्षा आहे, म्हणून भाऊबीजेला येता येणार नाही. दादाला म्हणावं, यंदा उलटी ओवाळणी, बहिणीनं भावाला मीठ घातलं. खाल्ल्या मिठाला जागायचं आता त्याच्याकडे लागलं.

हसनैन फार कमी बोलले. दादा कसे आहेत विचारलं तर चहाकडे बघत म्हणाले, "ठीक आहेत साहेब." कोर्टात असंच बोलत असतील तर अशिलांचं कठीण आहे.

कुंदा


अकोला, १४ नोव्हेंबर २००५

प्रिय कुंदाताई,

पुडे मिळाले. दिवाळीचं सगळं त्याच मिठात केलं. चिवडा, शेव, चकल्या. पूर्वी चिमटीचा हिशेब करत होते, आता हात मोकळा झाला.

एक विचारायचं होतं. आठ-दहा दिवस झाले, यांच्या पायांत जोर राहिला नाही. न्हाणीघरातून येताना भिंत धरतात. परवा कोर्टाच्या पायऱ्या हसनैनचा हात धरून चढले. छातीत मधूनच एक ठोका चुकल्यासारखा होतो म्हणतात. नागपूरला तपासणीला जायचं होतं, पण एका खटल्याची तारीख लागली, म्हणून डिसेंबरवर ढकललं. "अशील आत आहे, मी बाहेर आहे, आधी त्याचं बघू दे," म्हणतात.

हसनैननं बागेची पहिली तोड म्हणून संत्र्यांची पेटी आणली होती. दरवर्षी आणतात, रीतच आहे त्यांच्या घरची. यंदा आणू की नको करत दारात उभे होते. आम्ही ती गल्लीत वाटून टाकली. यांना हल्ली आंबट सोसत नाही.

अशक्तपणाला काय द्यावं?

माणिक


अमरावती, २७ नोव्हेंबर २००५

सौ. वहिनींस, सा. न.

पायांतला अशक्तपणा रक्तदाबाच्या गोळ्यांनी येतो. त्या गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि अंगातले क्षार जातात. आमच्या मोठ्या बाईंनाही असंच झालं होतं. रोज एक शहाळं द्या. आणि संत्री वाटून कशाला टाकली? आंबट सोसत नसेल तर गोड बघून द्या, पण द्या. दोन केळी सकाळी.

मिठाची शंका मनात आणू नका. माझ्या मुली मला विचारतात तसं तुम्हीही विचाराल, म्हणून सांगते, मी पुड्याची मागची बाजूही वाचली आहे. तिथे एक-दोन आजारांची नावं आहेत, त्यांना हे मीठ चालत नाही. पण रक्तदाबाला उत्तमच.

नागपूरची तारीख पुन्हा ढकलू देऊ नका. नाहीतर मीच येऊन त्याला घेऊन जाते. सुटी लागली की येतेच आहे.

कुंदा


अमरावती, ११ जानेवारी २००६

ती. वहिनी, सा. न.

तेराव्यानंतर तुम्हाला एकटं ठेवून यायला नको होतं. जुईलीची शाळा नसती तर आले नसते.

निघताना हसनैन मला स्टेशनवर सोडायला आले होते. गाडीला उशीर होता. मी सहज म्हटलं की दादाला शेवटी संत्रंसुद्धा गोड लागेना. ते म्हणाले, "बाईसाहेब, गोड-आंबटाचा सवाल नव्हता. किडनीच्या डॉक्टरांनी मना केलं होतं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना कळलं की मला ठाऊक नव्हतं.

का लपवलंत, ते मी विचारत नाही. दादानं सांगितलं असणार, आणि का सांगितलं असणार तेही मला कळतं. मी आलेच असते.

मला दुसरंच विचारायचं आहे. तुम्ही सगळे म्हणता, झोपेत हृदय थांबलं. तिरडीजवळच्या गर्दीत कोणी म्हणालं, सुखाचं मरण. वहिनी, डॉक्टर नेमकं काय म्हणाले? त्यांनी खाण्याचं काही विचारलं का? तुम्ही मिठाचं सांगितलंत का?

घरी आल्यावर मी कपाटातला तो पुडा काढला. शाळेत दाखवायला एक ठेवला होता. मागच्या बाजूला एक-दोन आजारांची नावं आहेत, असं मी तुम्हाला लिहिलं होतं. त्यातलं पहिलं मूत्रपिंडाचं आहे.

मला खरं लिहा. मला वाचवायला काही लिहू नका.

कुंदा


अकोला, २९ जानेवारी २००६

प्रिय कुंदाताई,

तुमचं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, लिहावं की मीठ दिवाळीतच संपलं होतं. तसं पत्र लिहिलंही. मग फाडलं. या घरात एक गोष्ट प्रेमानं लपवली, तिचं काय झालं ते बघितलं.

नागपूरची तारीख आलीच नाही. त्या दिवशी हे सकाळी उठले नाहीत, पण गेले नव्हते. डोळे उघडे होते, हात हलत नव्हते. हसनैननं रिक्षात घातलं. दवाखान्यात हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढून बघितली आणि डॉक्टर नर्सवर ओरडायला लागले. दुपारी हे गेले. मग डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. काय खात होते? मी म्हटलं, कागदावर लिहिलं तसंच. संत्रं नाही, केळं नाही, शहाळं नाही, बटाट्याचं पाणी फेकलेलं. मीठ? मी म्हटलं, साधं नाही, ते चांगलं मीठ, लाल हृदयाचं. मला वाटलं, शाबासकी देतील.

ते खुर्चीत बसले. म्हणाले, "बाई, संत्र्यात जे असतं म्हणून बंद केलं होतं, तेच त्या मिठात भरलं आहे. सोडियम काढून त्या जागी पोटॅशियम. चांगल्या मूत्रपिंडाचा माणूस ते बाहेर टाकतो. यांच्या अंगात ते साठत गेलं. पाय आधी जातात, मग हृदय." आम्ही पेटीभर संत्री गल्लीत वाटली, कुंदाताई, आणि पेट्यांच्या पेट्या चमच्यानं वाढत होतो.

आता माझं ऐका. तुम्ही पाठवलंत, पण हात माझा होता. पुड्यावर आधा लिहिलं होतं, म्हणून मी दुप्पट टाकत होते. मनात हिशेब केला, अर्ध्याचं दुप्पट म्हणजे नेहमीइतकंच. ते कडवट लागतं म्हणायचे, तर अजून थोडं टाकायची.

आणि तुमचं नोव्हेंबरातलं पत्र. एक-दोन आजारांना चालत नाही, या ओळीवर मी थांबले होते. यांना दाखवलं. म्हटलं, कोणते आजार ते विचारू का? म्हणाले, "विचारलंस तर ती विचारेल, तुम्हाला कशाला हवं? कुंदीचं नाक कुत्र्याचं आहे. राहू दे." पुडे तर मी केव्हाच चुलीत घातले होते. असते तरी मागचं इंग्रजी मला वाचता आलं नसतं. यांना आलं असतं. पण नवऱ्याला मिठाचा पुडा वाचायला कोण देतं? त्यांना ताट दिसायचं, मला पुड्याची समोरची बाजू दिसायची, मागची तुम्हाला. आणि आजार फक्त आम्हाला.

हसनैनला हे सांगितलेलं नाही. ते चार पुडे त्यांनी मांडीवर धरून आणले होते.

तुम्ही खरं मागितलं, दिलं. आता पत्र बंद करू नका.

माणिक


अकोला, १४ मार्च २००६

प्रिय कुंदाताई,

तुमचं उत्तर नाही. जुईलीनं फोनवर सांगितलं की तुम्ही शाळेत जाता, पण पुड्यांचा तास घेणं बंद केलं आहे, आणि जेवायला बसलात की उठून जाता. मी समजावायला लिहीत नाही. मला काम आहे.

रजियाबींचे अब्दुल रहीम, गाद्या भरायचं दुकान आहे ते, त्यांना हातापायांवर सूज आली. नागपूरला नेलं. मूत्रपिंडाचं दुखणं निघालं. त्यांच्या गावाकडचं पाणीच खारं, आपल्या दर्यापूरकडच्यासारखं, कोण जाणे काय काय करतं. तोच पथ्याचा कागद मिळाला. काल रजियाबी वाटी घेऊन आल्या. म्हणाल्या, "भाभी, वकीलसायबाचं ते चांगलं नमक उरलं असन तर द्या थोडं. इनच्या तोंडाले बी चव नाही राहिली."

मी नाही म्हटलं. कारण सांगायला गेले तर मला नीट सांगता येईना. संत्र्यातलं मिठात, मिठातलं रक्तात, माझीच गुंतागुंत झाली. त्या ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "रायलं. नसन द्यायचं तं नका देऊ." रिकामी वाटी घेऊन गेल्या. त्यांचा मुलगा अमरावतीला येत-जात असतो. तो घेऊन येईल. दुकानदार समोरची बाजू दाखवेल.

त्या पुड्यावर मागे काय लिहिलं आहे ते मला मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून पाठवा. लवकर. बाकी काही लिहायचं नसेल तर नका लिहू.

माणिक


अमरावती, १८ मार्च २००६

ती. वहिनी,

मागच्या बाजूला, अगदी खाली, किंमत आणि पत्ता यांच्या मध्ये, बाजरीच्या दाण्याएवढ्या इंग्रजीत आहे. मराठीत असं:

या मिठात पोटॅशियम क्लोराइड आहे. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आणि पोटॅशियम वर्ज्य असणाऱ्यांनी हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.

पुढचं पुड्यावर नाही, मी घातलं आहे. ते गाळू नका:

पोटॅशियम म्हणजे संत्री, केळी, शहाळं आणि टमाटे यांच्यात असतं ते. कागदावर ही फळं बंद लिहिली असतील तर हे मीठही बंद. या मिठानं एक माणूस गेला आहे.

रजियाबींना उर्दूत हवं असेल तर हसनैनकडून लिहून घ्या. मग हसनैनलाही कळेल. कळू द्या.

मी हे दुकानात उभ्यानं वाचलं होतं, पहिले दोन पुडे घेतले त्या दिवशी. पूर्ण वाचलं होतं. आपल्या घरात कोणाला नाही, असं म्हणून पिशवीत टाकले.

कुंदा